वाचकांचे प्रश्न : समलिंगी सहजीवन, वारसा आणि गोव्याची विधानसभा

मागील एका अंकात समलिंगी जोडप्यांच्या वारसाहक्काविषयी मी ओझरता उल्लेख केला होता. त्यानंतर पेडण्यापासून सासष्टीपर्यंतच्या वाचकांची पत्रे आली. बहुतेकांवर नाव नाही, आणि ज्यांवर आहे त्यांनी ते छापू नये अशी विनंती केली आहे. म्हणून या वेळी केवळ तालुका दिला आहे आणि ओळख पटेल असा तपशील गाळला आहे. पहिल्या पत्रातील अडचण अनेकांची आहे आणि तिच्यावर आजच काही करता येते, म्हणून त्याचे उत्तर सविस्तर दिले आहे.

प्रश्न (फोंडा) : आम्ही दोघी एकोणीस वर्षे एकत्र राहत आहोत. घर माझ्या सोबतिणीच्या नावावर आहे, परंतु बांधकामाचा जवळजवळ निम्मा खर्च मी केला आहे. तिची आई हयात आहे. सोबतिणीने मृत्युपत्र केले, तर ते घर मला मिळेल का?

मृत्युपत्र नसेल, तर आपणास काहीही मिळणार नाही. वारसांच्या क्रमात मुले, आई-वडील, भावंडे, विवाहाचा जोडीदार आणि दूरचे नातेवाईक येतात, आणि यांपैकी कोणीच नसेल तर अखेर सरकार येते. एकोणीस वर्षे एका छपराखाली राहिलेल्या व्यक्तीला त्या क्रमात सरकारच्या मागेही जागा नाही.

मृत्युपत्र केले तरी गोव्यात एक अडचण उरते, जी महाराष्ट्रातील वाचकाला सहसा ठाऊक नसते. तेथील हिंदू व्यक्ती स्वकष्टार्जित मालमत्ता मृत्युपत्राने वाटेल त्याला देऊ शकते. आपल्याकडे मात्र १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून चालत आलेले आणि आता राज्याच्या २०१२ च्या वारसाहक्क कायद्यात समाविष्ट झालेले तत्त्व असे की, मुले किंवा आई-वडील हयात असतील तर निम्मी मालमत्ता त्यांच्यासाठी राखीव राहते आणि उरलेल्या निम्म्याचीच इच्छेनुसार विल्हेवाट लावता येते. हे तत्त्व वाईट नाही. रागाच्या भरात मुलांना बेदखल करणाऱ्या बापापासून त्याने अनेक मुलांना वाचवले आहे, आणि तसे दावे मी स्वतः चालवले आहेत. परंतु विवाहित व्यक्तीला याच कायद्याने दुसऱ्या बाजूने मोठा आधार दिला आहे : वेगळा करार केलेला नसेल तर विवाहानंतर पती-पत्नीची मालमत्ता सामाईक होते, म्हणजे जोडीदार गेल्यावर निम्मा भाग मुळातच आपला असतो, तो वारशाने मिळवावा लागत नाही. आपणा दोघींना राखीव हिश्श्याचे बंधन लागू होते आणि सामाईक मालमत्तेचा आधार मात्र मिळत नाही. गोव्याच्या समान नागरी कायद्याचे कौतुक आपण ऐकतो, आणि त्यातील बरेचसे रास्त आहे. पण ज्या नात्याला कायद्यात नाव नाही, त्याच्यासाठी हा कायदा शेजारच्या राज्यापेक्षा अधिक कठोर ठरतो.

आता आज काय करता येईल ते सांगते. आपण दिलेल्या पैशांचे बँकेचे पुरावे असतील, तर त्या मोबदल्यात घराचा अविभक्त निम्मा हिस्सा नोंदणीकृत विक्रीखताने आपल्या नावावर करून घ्यावा. व्यवहार खरा असला पाहिजे आणि मुद्रांकशुल्क भरले गेले पाहिजे. बक्षीसपत्राचा मार्ग सोपा वाटतो, पण जिवंतपणी दिलेले बक्षीसही राखीव हिश्श्याच्या हिशेबात परत धरले जाते आणि पुढे त्यावर वाद उभा राहू शकतो. विक्रीखतानंतर सोबतिणीने तालुक्याच्या उपनिबंधक कार्यालयात विशेष नोटरीसमोर मृत्युपत्र करावे आणि आपल्या इच्छेचा संपूर्ण हिस्सा आपणास द्यावा. घर हीच एकमेव मालमत्ता असेल, तर अशा रीतीने त्याचा पाऊण भाग आपल्याकडे येतो : अर्धा खरेदीने आणि पाव मृत्युपत्राने. तिच्या मुदतठेवी किंवा दागिने असतील तर परिस्थिती आणखी चांगली होते, कारण राखीव हिश्श्याचा हिशेब एकेका वस्तूचा नसून संपूर्ण मालमत्तेच्या किमतीचा असतो आणि आईचा हिस्सा ठेवींमधून भागेल अशी मांडणी मृत्युपत्रात करता येते. ही मांडणी मात्र अशा दाव्यांचा अनुभव असलेल्या वकिलाकडूनच करून घ्यावी.

आपण पत्रात लिहिले आहे की तिची आई आपणास मुलीसारखे मानते आणि हक्क सोडून द्यायला तयार आहे. त्या माउलीबद्दल मनात आदर आहे; तथापि जिवंत व्यक्तीच्या वारशावरील हक्क आगाऊ सोडता येत नाही. तसा कागद आज केला तरी त्याला किंमत नाही. तो हक्क वारसा उघडल्यानंतरच, म्हणजे त्या व्यक्तीच्या मृत्यूनंतरच, सोडता येतो, आणि त्या वेळी इतर नातेवाईक काय सल्ला देतील हे कोणी सांगू शकत नाही.

प्रश्न (डिचोली) : सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता नाकारली. विवाह हा केंद्राचा विषय आहे. मग राज्याच्या विधानसभेकडून अपेक्षा ठेवण्यात काय अर्थ आहे?

आपल्या प्रश्नातील दोन्ही विधाने तपासून घेऊ. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधील संमतीच्या समलिंगी संबंधांना गुन्हेगारीच्या कक्षेतून बाहेर काढले. १७ ऑक्टोबर २०२३ च्या सुप्रियो खटल्यात मात्र पाच न्यायमूर्तींनी विशेष विवाह कायद्याचा अर्थ लावून त्यात समलिंगी विवाह समाविष्ट करण्यास नकार दिला. विवाहाचा मूलभूत हक्क घटनेत नाही, असे सर्वांचे मत पडले आणि सहजीवनाला कायदेशीर मान्यता द्यायची असेल तर ती कायदेमंडळाने द्यावी, असे बहुमताने ठरवले. जानेवारी २०२५ मध्ये पुनर्विचार याचिकाही फेटाळल्या गेल्या. याचा अर्थ असा कायदा करता येत नाही असा होत नाही. न्यायालयाने दार कायदेमंडळाकडे दाखवले आहे. पारलिंगी (ट्रान्सजेंडर) स्त्री आणि पुरुष, किंवा पारलिंगी पुरुष आणि स्त्री, यांना प्रचलित कायद्यांनुसार विवाह करता येतो, हेही त्याच निकालात सर्व न्यायमूर्तींनी मान्य केले. अनेक कार्यालयांत ही गोष्ट अजून पोहोचलेली नाही.

आता विषय कोणाचा, ते पाहू. विवाह, घटस्फोट, मृत्युपत्र आणि वारसा हे विषय घटनेच्या सातव्या अनुसूचीतील समवर्ती सूचीत पाचव्या क्रमांकावर आहेत, म्हणजे संसद आणि विधानसभा दोघांनाही त्यांवर कायदा करता येतो. तत्कालीन सरन्यायाधीश चंद्रचूड यांनी आपल्या निकालपत्रात याच नोंदीचा उल्लेख करून संसदेबरोबर राज्यांच्या विधिमंडळांचेही नाव घेतले आहे. गोव्याने हा अधिकार वापरलेला आहे. वर उल्लेखिलेला वारसाहक्क कायदा आपल्या विधानसभेने २०१२ साली संमत केला, तो राष्ट्रपतींच्या संमतीनंतर २०१६ साली अमलात आला, आणि त्याने नागरी संहितेतील वारशाची कलमे बाजूला सारून त्यांची जागा घेतली. जे एकदा झाले, ते पुन्हा होऊ शकते.

विवाहाच्या बाबतीत आपली स्थिती इतर राज्यांहून वेगळी आहे. गोव्यातील विवाह आजही २५ डिसेंबर १९१० च्या पोर्तुगीज हुकूमनाम्यावर उभा आहे. त्याचे पहिलेच कलम सांगते की, विवाह हा भिन्न लिंगाच्या दोन व्यक्तींनी कुटुंबाची कायदेशीर स्थापना करण्यासाठी केलेला करार आहे. धर्मसंस्काराऐवजी करार ही कल्पना त्या काळी फार पुढची होती. मुक्तीनंतर १९६२ च्या केंद्रीय कायद्याने येथील जुने कायदे चालू ठेवले, आणि हे कलम आपल्याकडे तसेच राहिले. ज्या देशाने ते लिहिले त्याने १९६६ साली नवी संहिता केली आणि २०१० साली तिच्यातील विवाहाच्या व्याख्येतून भिन्न लिंगाची अट काढून टाकली. आपण मात्र त्यांनी टाकून दिलेली अट जपून ठेवली आहे, आणि ती बदलण्याचा अधिकार असलेले सभागृह पर्वरीत आहे.

तरीही विवाहाच्या व्याख्येपासून सुरुवात करावी असे माझे मत नाही. त्या मार्गावर केंद्रीय कायद्याशी विसंगतीचा वाद निघेल, राष्ट्रपतींची संमती लागेल, आणि तोवर फोंड्याच्या त्या दोघींचे वय थांबणार नाही. त्याआधी सहजीवनाच्या नोंदणीचा एक लहान कायदा करता येईल : दोन प्रौढ व्यक्तींनी उपनिबंधकासमोर जाऊन आम्ही एकमेकांचे जोडीदार आहोत अशी नोंद करावी, आणि त्या नोंदीला राज्याच्या कायद्यांत ठरावीक परिणाम असावेत. मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती आनंद वेंकटेश यांनी सुप्रियो निकालानंतर महिन्याभरातच, नोव्हेंबर २०२३ मध्ये, अशा करारनाम्याच्या नोंदणीचा विचार करावा असे तमिळनाडू सरकारला सुचवले होते. रुग्णालये, पोलीस, जमीन व भाडेकरू, पंचायती, राज्याची सेवा हे सर्व विषय राज्यसूचीतील आहेत, त्यामुळे नोंदीचे बहुतेक परिणाम तेथेच देता येतील. समवर्ती सूचीचा प्रश्न वारसाहक्क कायद्यातील दुरुस्तीपुरताच उरेल, आणि ती दुरुस्ती वेगळ्या विधेयकाने आणावी म्हणजे एकासाठी दुसरे अडकून पडणार नाही.

राज्याने एकट्याने पाऊल टाकून काय होते, अशी शंका आपण शेवटी घेतली आहे. अमेरिकेत लैंगिक कलावरून नोकरी व घर नाकारण्यास बंदी करणारा पहिला राज्य कायदा विस्कॉन्सिनने १९८२ साली केला, आणि त्यावर सही करणारा गव्हर्नर रिपब्लिकन पक्षाचा होता. व्हरमाँटने २००० साली विवाहाला हात न लावता सहजीवनाची नोंदणी सुरू केली. नऊ वर्षांनी त्याच राज्याच्या विधिमंडळाने, न्यायालयाचा आदेश नसताना, गव्हर्नरचा नकाराधिकार ओलांडून विवाहाचाही कायदा केला. संपूर्ण देशासाठी निकाल आला तो २०१५ साली. मधल्या काळात लोकांनी आपल्या शेजारी अशी घरे पाहिली होती, आणि माझ्या समजुतीप्रमाणे त्या पाहण्यानेच निम्मे काम केले.

प्रश्न (बार्देश) : आम्हा दोघा पुरुषांना संयुक्त बँक खाते उघडता येते का? शिधापत्रिकेचे काय?

येते. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय अर्थ मंत्रालयाने स्पष्ट केले आहे की, समलिंगी जोडीदारांना संयुक्त खाते उघडण्यास आणि एकमेकांना नामनिर्देशित करण्यास कोणतेही बंधन नाही. रिझर्व्ह बँकेनेही बँकांना तसे कळवले आहे. शिधापत्रिकेसाठी अशा जोडीदारांना एकाच कुटुंबातील मानावे, असे केंद्राने राज्यांना सांगितले आहे. एक खबरदारी घ्यावी : नामनिर्देशित व्यक्ती पैसे स्वीकारते, तेवढ्याने ती त्यांची मालक होत नाही. वारस नंतर मागणी करू शकतात, म्हणून नामनिर्देशनासोबत मृत्युपत्र हवेच.

प्रश्न (सासष्टी) : माझा जोडीदार अतिदक्षता विभागात असताना एका खाजगी रुग्णालयाने मला बाहेर बसवले आणि ज्या भावाने पंधरा वर्षांत तोंड पाहिले नाही त्याची सही घेतली. हे टाळता येईल का?

आपले पत्र वाचून मन विषण्ण झाले. जोडीदार बरे होऊन घरी आले आहेत, हे वाचून तितकाच दिलासा वाटला.

आता ते शुद्धीवर आणि हिंडते-फिरते असताना दोन कागद करून घ्यावेत. पहिला आगाऊ वैद्यकीय निर्देश. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली त्याला मान्यता दिली आणि जानेवारी २०२३ मध्ये त्याची पद्धत सुलभ केली. दोन साक्षीदारांसमोर सही करून तो नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करता येतो आणि स्वतःला निर्णय घेता येत नसेल तेव्हा कोणाचे ऐकावे, त्या व्यक्तींची नावे त्यात लिहिता येतात. उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाचे न्यायमूर्ती एम. एस. सोनक यांनी २०२४ साली स्वतःचा असा निर्देश नोंदवला, त्यामुळे येथील डॉक्टरांना हा कागद अपरिचित नाही. हा निर्देश प्रामुख्याने आयुष्याच्या अखेरच्या उपचारांसाठी आहे, हे मात्र ध्यानात ठेवावे. दुसरा कागद म्हणजे नेहमीच्या उपचारांसाठी आपणास प्रतिनिधी नेमणारे साधे लेखी पत्र. त्याची प्रत रुग्णालयात दाखल होतानाच नोंदीत लावून घ्यावी. मानसिक आजारासाठी २०१७ च्या कायद्यानुसार कोणत्याही प्रौढ व्यक्तीला प्रतिनिधी नेमता येते, आणि त्याच कायद्याने लैंगिक कलावरून उपचारांत भेदभाव करण्यास मनाई केली आहे.

दुसऱ्या कागदाने डॉक्टर बांधले जातात का, असे आपण विचाराल, तर प्रामाणिक उत्तर असे की तो त्यांना धीर देतो, सक्ती करत नाही. सक्ती कायद्यानेच होईल. सार्वजनिक आरोग्य व रुग्णालये हा सर्वस्वी राज्याचा विषय आहे. रुग्णाने लेखी नेमलेल्या व्यक्तीला भेटू दिले पाहिजे, माहिती दिली पाहिजे आणि संमतीसाठी तिलाच आधी विचारले पाहिजे, एवढी तीन वाक्ये गोव्याच्या कायद्यात आली तर बांबोळीच्या मोठ्या सरकारी रुग्णालयापासून तालुक्याच्या लहानशा इस्पितळापर्यंत सर्वांना ती लागू होतील. त्यांचा उपयोग आपणासारख्यांना होईल, तसा मुले परदेशी असलेल्या आणि शेजाऱ्यांच्या भरवशावर राहणाऱ्या वृद्धांनाही होईल.

प्रश्न (सत्तरी) : माझा मुलगा बावीस वर्षांचा आहे. आपण समलिंगी असल्याचे त्याने मला सांगितले. घरातील मंडळी उपचाराची भाषा करत आहेत. कोणी एका समुपदेशकाकडे न्या म्हणतो, कोणी देवाला कौल लावा म्हणतो. मला काय करावे कळत नाही.

ताई, मुलाने आपणासच सांगितले, यात आपल्यावरचा त्याचा विश्वास दिसतो. तो जपावा.

हा आजार नाही, म्हणून त्यावर उपचारही नाही. मद्रास उच्च न्यायालयाच्या २०२१ च्या आदेशानंतर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ साली अशा तथाकथित उपचारांना व्यावसायिक गैरवर्तन ठरवले आहे. कोणी नोंदणीकृत डॉक्टर गोळ्या किंवा विजेचे झटके सुचवत असेल, तर त्याच्याविरुद्ध राज्याच्या वैद्यकीय परिषदेकडे तक्रार करता येते. देवाचा कौल घेणे ही आपली श्रद्धा आहे आणि तिच्याविषयी मी काही बोलणार नाही. पण मुलगा बावीस वर्षांचा आहे, त्याच्या इच्छेविरुद्ध त्याला कोठे नेऊन ठेवण्याचा हक्क आई-वडिलांसही नाही. मार्च २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा प्रकरणांसाठी उच्च न्यायालयांना मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली आहेत, आणि प्रौढ व्यक्तीच्या इच्छेवर कुटुंबाची इच्छा लादण्यासाठी न्यायालयाचा वापर होऊ नये, असा त्यांचा रोख आहे.

आयोगाचा नियम डॉक्टरांपुरता आहे. बिगरपरवाना समुपदेशक आणि सुधारकेंद्रे त्याच्या बाहेर राहतात. त्यांना आवरणे राज्याला शक्य आहे. जानेवारी २०१५ मध्ये राज्याच्या युवा धोरणाच्या प्रसंगी तत्कालीन क्रीडामंत्र्यांनी समलिंगी तरुणांना सामान्य करण्यासाठी केंद्रांची भाषा केली होती आणि देशभर टीका झाल्यावर आपल्या बोलण्याचा विपर्यास झाल्याचे सांगितले होते. त्याच राज्याच्या विधानसभेने अशा केंद्रांवर बंदी घालणारा कायदा करावा, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

प्रश्न (मुरगाव) : इतर राज्यांनी यात काही केले आहे का?

केले आहे, विशेषतः पारलिंगी व्यक्तींसाठी. तमिळनाडूने २००८ साली कल्याण मंडळ स्थापन केले, केरळने २०१५ साली धोरण जाहीर केले, कर्नाटकाने २०२१ साली सेवाभरतीच्या नियमांत दुरुस्ती करून एक टक्का समांतर आरक्षण दिले, आणि तमिळनाडूने २०२२ साली पोलिसांच्या वर्तननियमांत या समुदायाचा छळ करण्यास मनाई घातली. मात्र पाहा, यांत मंडळ आहे, धोरण आहे, नियम आहेत. विधानसभेत चर्चा होऊन संमत झालेला अधिनियम नाही. सरकारी आदेश एका सहीने येतो आणि एका सहीने जातो. गोव्याने सहजीवनाचा अधिनियम केला, तर त्याला देशात पूर्वीचा दाखला क्वचितच सापडेल.

प्रश्न (तिसवाडी) : राज्यापुढे खाणी, पाणी आणि जमिनींचे प्रश्न असताना मूठभरांसाठी विधानसभेचा वेळ का घ्यावा? त्यांना घरात कोणी अडवलेले नाही.

आपण परखडपणे विचारले, म्हणून मीही आपल्याच अनुभवातील उदाहरण देते. १९८७ साली कोकणीला राजभाषा ठरवणारा कायदा झाला, तेव्हा गोव्यातील मराठी माणसाला घरात मराठी बोलण्यास, कीर्तन ऐकण्यास किंवा वर्तमानपत्र वाचण्यास कोणीच मनाई केलेली नव्हती. तरीही कायद्यात मराठीच्या वापराची तरतूद असावी, असा आग्रह आपण धरला, आणि तो योग्य होता, कारण अर्ज, उत्तर, शाळा आणि नोकरी यांचा संबंध येतो तेथे घरातील मोकळीक पुरत नाही. समलिंगी जोडप्याचीही अडचण घराबाहेरच सुरू होते : रुग्णालयाच्या काउंटरवर, उपनिबंधकाच्या टेबलासमोर, भाडेकरारावर. संख्येबद्दल म्हणाल तर नोंदणीच नाही, मग मोजणार कशी? आणि या कायद्यासाठी सरकारी तिजोरीतून उपनिबंधकाच्या एका नोंदवहीपलीकडे फारसे काही लागणार नाही.

प्रश्न (पेडणे) : आम्ही काही मित्र आमदारांना भेटणार आहोत. काय मागावे?

समानता द्या, असे मोघम मागू नये. त्यावर होकार मिळतो आणि पुढे काही होत नाही. तीन नेमक्या मागण्या एका पानावर लिहाव्यात : सहजीवनाच्या नोंदणीचे विधेयक, रुग्णाने नेमलेल्या व्यक्तीच्या हक्काची तरतूद, आणि २०१२ च्या वारसाहक्क कायद्यात नोंदणीकृत जोडीदाराचा समावेश. सरकार विधेयक आणत नसेल तर आमदाराला ते खाजगी विधेयक म्हणून मांडता येते. अशी विधेयके क्वचितच संमत होतात हे खरे, पण खासदार तिरुची शिवा यांचे पारलिंगी व्यक्तींच्या हक्कांचे खाजगी विधेयक राज्यसभेने एप्रिल २०१५ मध्ये संमत केले, आणि पुढे सरकारला स्वतःचे विधेयक आणावे लागले. विधेयक जमणार नसेल तर निदान तारांकित प्रश्न विचारण्याची विनंती करावी : केंद्राने २०२४ साली राज्यांना पाठवलेल्या सूचनांची गोव्यात कोणत्या खात्याने काय अंमलबजावणी केली? त्याचे उत्तर सभागृहात द्यावे लागते आणि ते नोंदीत राहते.

निवेदनावर स्वतःचे नाव घालण्याची भीती वाटते, असे आपण लिहिले आहे. ती स्वाभाविक आहे. निवेदन देणारा स्वतः समलिंगी असला पाहिजे असा नियम नाही. आई-वडील, भावंडे, शिक्षक, शेजारी कोणीही सही करू शकतो. आमदार सहीखालचा पत्ता आपल्या मतदारसंघातील आहे का, हे आधी पाहतो, आणि तो पत्ता सत्तरीच्या त्या आईसारख्या एखाद्या घराचाही असू शकतो.